फडकं आधी खाली ठेवा: स्पोर्ट्स कारच्या चाकांवरची ब्रेकची पूड

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला गाड्या पुसणारे दादा येतात. एक बादली, दोन फडकी आणि वीस-बावीस गाड्या. मी दोन दारांची, माझ्या वयाला न शोभणारी गाडी घेतली, त्यानंतर आठवडाभरातच त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "साहेब, गाडी भारी आहे, पण चाकं रोज पुसतो तरी रोज काळी. काही गळतंय का बघून घ्या."

गळत काहीच नव्हतं. पण "रोज पुसतो" हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गाडी उन्हात काढून पाहिली तर पुढच्या दोन्ही चाकांच्या चकचकीत काळ्या स्पोकवर कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे उमटले होते. चूक दादांची नव्हती. चाकांना हात लावू नका, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं.

ब्रेकची पूड चाकाचं जेवढं नुकसान करते, त्याहून जास्त आपण ती पुसताना करतो. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

पूड येते कुठून

ब्रेक दाबला की कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कवर बसलेल्या चिमट्यातले, पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. दीड टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवली, तर निघालेल्या उष्णतेत नळाचं पावणेदोन लीटर पाणी उकळायला येईल. एका ब्रेकला चहाचं मोठं आधण. ताम्हिणी उतरताना किंवा वाईहून पाचगणीला चढून पसरणी घाटाने परत येताना असे किती ब्रेक लागतात, ते ज्याचं त्याने मोजावं.

या घासाघाशीत पॅड झिजतो आणि बिडाची डिस्कही झिजते. त्यामुळे पुडीत कार्बन आणि पॅडमधला चिकट रेझिन असतोच, शिवाय लोखंडाचे अतिशय बारीक कण असतात. खरी डोकेदुखी हे लोखंडच. ते तापलेलं उडतं, चाकावरच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये रुतून बसतं आणि पाणी लागलं की गंजतं. पांढऱ्या किंवा चंदेरी चाकावर नारिंगी ठिपके दिसतात ते चाकाचे नाहीत, चाक ॲल्युमिनियमचं आहे. तो गंज बाहेरून आलेल्या लोखंडाचा.

साध्या हॅचबॅकपेक्षा स्पोर्ट्स कारची चाकं लवकर काळी पडतात त्याचं कारण सरळ आहे. डिस्क मोठी, पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त, पहिल्या स्पर्शालाच कडक पकड. अशी पकड हवी तर पॅड आणि डिस्क दोन्ही थोडी थोडी देत राहणार. त्यातून चाकांचे स्पोक बारीक आणि उघडे, म्हणजे जे उडेल ते सगळं दर्शनी भागावर. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, म्हणून बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात आणि पुढची चाकं आधी काळी होतात. तुमच्या गाडीत याच्या उलट दिसत असेल तर हा लेख थेट शेवटच्या भागापासून वाचा.

आधी चाक ओळखा

बाटली विकत घेण्याआधी चाकावर कोणतं फिनिश आहे ते पाहा. रंगवून वर क्लिअर कोट दिलेलं अलॉय सगळ्यात सोशिक. चकचकीत काळं चाक सोशिक असतं, पण ओरखडे लपवत नाही. मॅट चाकाला पॉलिश किंवा चमक देणारं मेण लावलं की मधेच तुकतुकीत डाग पडतो आणि तो काढता काढता जीव जातो.

डायमंड कट चाकाबद्दल जरा थांबून सांगतो. लेथवर कापलेला चमकदार दर्शनी भाग आणि त्यावर पातळ क्लिअर कोट, अशी त्याची रचना. तो कोट एका जागी जरी फुटला तरी आत ओल शिरते आणि थराखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा सरकू लागतात. मग चाक पुन्हा लेथवर चढवावं लागतं. दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे हा उपाय मोजक्या वेळाच करता येतो. पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर तर कसलाच थर नसतो. त्यावर कोणतंही केमिकल वापरताना बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे मी एकदा पैसे मोजून शिकलोय. हायवेलगतच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी दिली आणि समोर चहा प्यायला गेलो. परत आलो तर पोऱ्या चाकांवर बिननावाच्या कॅनमधलं पाणी मारत होता. फेस आला, काळं सगळं पळालं, मी खूशही झालो. घरी आल्यावर एका चाकावर दुधट ढग दिसला. ते ॲसिड होतं. स्वस्त उजळणाऱ्या ॲसिडांमध्ये फ्लोराइडचे प्रकारही असतात, ते चाकाला वाईट आणि माणसाच्या कातडीला त्याहून वाईट. कॅनवर नाव नसेल तर "चाकांना फक्त पाणी मारा" एवढंच सांगायचं आणि चहा नंतर प्यायचा.

सामान

चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळी फडकी. ही अट सैल करू नका, कारण चाकाचं फडकं बॉनेटवर गेलं की लोखंडाची पूड बॉनेटवर गेली. मी चाकांची बादली काळी घेतली आहे, म्हणजे घरातलं कुणी चुकून लादी पुसायलाही नेत नाही.

बाकी लागतं ते असं. न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू. भांड्यांचा साबण नको, तो मेण आणि सीलंट (चाकावर चढवलेला संरक्षक थर) उतरवतो. रिमच्या आतल्या बाजूला पोचणारा लांब दांड्याचा मऊ ब्रश, ज्याच्या गाभ्यातली तार पूर्ण झाकलेली आहे. बोल्टच्या खळग्यांसाठी रंगकामाचा मऊ केसांचा छोटा ब्रश, त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर दोन वेढे चिकटपट्टीचे. असे ब्रश आणि दोन लीटरचा हाताने हवा भरायचा फवारा पुण्याच्या बोहरी आळीत सहज मिळतो. रबरी हातमोजे. आणि आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंड विरघळवणारं द्रावण. तारेची घासणी, काथ्या, भांड्यांचा हिरवा स्क्रबर यांतलं काहीही चाकाजवळ आणू नका.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण पुण्यात चाकांवरचे निम्मे डाग पुडीचे नसून पाण्याचे असतात. खडकवासल्याहून येणारं पालिकेचं पाणी ठीक आहे. बोअरवेलचं आणि उन्हाळ्यात टँकरने येणारं पाणी बहुधा जड. ते तापल्या चाकावर सुकलं की पांढरे गोल चट्टे. पुष्कळ लोक आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी साठवतात. पाणी वाचवणं चांगलंच, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते पहिल्या धुण्याला वापरा, शेवटच्या धुण्याला अजिबात नको. शेवटी मारायला एसीच्या नळीतून टपकणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात गच्चीवर ठेवलेल्या स्वच्छ बादलीतलं पाणीही चालतं. चारही चाकांचं काम दोन बादल्यांत होतं, नळी लावून तासभर सोडायची गरज नाही.

धुवायला बसताना

पहिली अट, चाक गार हवं. घाटातून आल्या आल्या पाणी मारायचा मोह होतो, कारण तेव्हा ते सगळ्यात घाण दिसतं. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी मारणं डिस्कला बरं नाही आणि तापलेल्या चाकावर द्रावण क्षणात सुकून डाग पाडतं. स्पोकमधून हात डिस्कजवळ न्या, टेकवू नका. आच लागली तर घरात जा. मी रविवारी पहाटे चांदणी चौकातून मुळशीकडे जातो आणि चाकं सोमवारी सकाळी धुतो. तोवर गाडी सावलीत. मधल्या रात्री पाऊस किंवा दव नसेल याची मात्र काळजी घ्या, कारण कोरडी पूड निरुपद्रवी, ओली पूड गंजायला लागलेली.

एका वेळी एकच चाक. चारही चाकांवर फवारत सुटलात तर चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिलं सुकलेलं असेल.

भरपूर पाण्याने सुरुवात करा आणि अजून काहीही घासू नका. सुटी पूड, माती, खडी आपणहून जाऊ द्या. प्रेशर वॉशर असेल तर टायरच्या कडेपासून हातभर लांब धरा आणि कॅलिपरच्या रबरांवर धार रोखून ठेवू नका. कोरडी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं हा प्रकार गॅरेजमध्ये दिसतो, तो घरी करू नका. एवढे बारीक कण थेट छातीत जातात.

मग शाम्पूचं पाणी. क्रम असा ठेवा: आधी टायर, मग चाकाचा आतला भाग, मग स्पोकच्या मागच्या बाजू, मग बोल्टचे खळगे आणि सगळ्यात शेवटी दर्शनी भाग. घाण आतून बाहेर येते, त्यामुळे समोरची बाजू आधी चमकवली तर ती पुन्हा धुवावी लागतेच. ब्रश बादलीत बुडवला की तळाशी न टेकवता हलवा, कारण लोखंड खाली बसलेलं असतं. दर्शनी भागावर ब्रश नको, तिथे मऊ मायक्रोफायबर, हलक्या हाताने. फडक्याची बाजू काळी झाली की बदला.

दर आठवड्याला एवढंच पुरतं, खरंच पुरतं. पुढची पायरी दोन-तीन महिन्यांतून एकदा, किंवा नारिंगी ठिपके दिसायला लागले की.

जांभळं पाणी

आयर्न रिमूव्हरमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट असतं. केस काढायच्या क्रीममध्ये असतं त्याच घराण्यातलं हे रसायन, म्हणून वासही तसाच, नासक्या अंड्याचा. पहिल्यांदा वापरलं तेव्हा आई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडली, "अरे, काय नासलंय रे खाली?" तिला उत्तर देतोय तोवर वॉचमन काका धावत आले, कारण चाकाखालून लालसर जांभळा ओघळ गटाराकडे निघाला होता. "साहेब, रक्त आहे का हो?" लोखंडाशी संयोग झाला की हे द्रावण जांभळं होतं, एवढं त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं असावं असं नाही.

शाम्पूने धुतलेल्या चाकावरचं पाणी ढोबळ पुसून घ्या, म्हणजे द्रावण पातळ होत नाही. हातमोजे घाला, चाकासमोर तोंड नेऊन बसू नका आणि बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये हे काम टाळा. आतल्या भागापासून सुरू करून सगळीकडे फवारा. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, साधारण तीन ते पाच मिनिटं. या वेळात ते सुकू द्यायचं नाही. सुकतंय वाटलं तर वरून थोडं आणखी फवारा. मग मऊ ब्रशने खालीवर करून भरपूर पाण्याने धुवा, डिस्क आणि कॅलिपरही नीट धुतले जातील असं पाहा.

रंग किती जांभळा झाला यावर खूश होण्यात अर्थ नाही. हे द्रावण फक्त लोखंडच खातं. काळे चिकट ठिपके तसेच राहिले असतील तर ते डांबर, पावसाळ्यात खड्डे बुजवल्यावर हमखास येणारं. त्याला टार रिमूव्हर कापसावर घेऊन अर्धा मिनिट टेकवा, मग पुसा. तरीही बोट फिरवल्यावर खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर शाम्पूच्या पाण्यात, हात न दाबता. चाकाला वापरलेला क्लेचा तुकडा परत गाडीच्या अंगाला लावायचा नाही, टाकून द्यायचा.

आता कोरडं करणं. बोल्टच्या खळग्यात आणि कॅलिपरमागे पाणी दडून बसतं आणि तुम्ही जिना चढेपर्यंत स्पोकवरून ओघळतं. छोटा ब्लोअर असेल तर छान, नसेल तर पुसून झाल्यावर गाडी दहा पावलं पुढे घ्या आणि पुन्हा पुसा.

यानंतरची गोष्ट बरेच जण विसरतात. ओली डिस्क तासाभरातच पिवळसर गंज धरते. हा गंज वरवरचा, घाबरायचं कारण नाही, पण गाडी तशीच आठवडाभर उभी राहिली तर पॅड डिस्कला चिकटून बसतात. म्हणून धुतल्यावर पाच-सात मिनिटांची फेरी मारा, मोकळ्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक लावत. पहिले दोन ब्रेक जरा कमी लागतील, पुढे अंतर ठेवा. आणि गाडीवर कव्हर घालणारे असाल तर चाकं कोरडी झाल्यावरच घाला.

टायरला चमक लावायची हौस असेल तर ती स्पंजवर घेऊन फक्त बाजूच्या भिंतीला लावा. स्प्रे मारला आणि त्यातला सिलिकॉन डिस्कवर उडाला, तर पुढच्या सिग्नलला तुमचा आणि पुढच्या रिक्षावाल्याचा परिचय होईल.

थर चढवावा का

चढवावा. व्हील सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावल्याने पूड यायची थांबत नाही, पण ती रुतत नाही आणि नुसत्या पाण्याने बरीचशी जाते. म्हणजे घासणं कमी, म्हणजे ओरखडे कमी. साधं मेण सीलंटपेक्षा स्वस्त, पण चाकाच्या उष्णतेत लवकर उडतं.

कोटिंग नीट करायचं तर चाकं उतरवून, आतून-बाहेरून. टायर बदलायची वेळ आली की तेव्हाच करून घ्या, वेगळी उतरवायची मेहनत वाचते. परत लावताना बोल्ट चांदणीच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच घट्ट करायला सांगा. न्यूमॅटिक गन कानाला लावून "बसलं साहेब" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोटिंगनंतर बाटलीवर सांगितले तेवढे तास पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून हे काम जुलैत काढू नका.

दसऱ्याला काय करायचं असा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. पूजा करा, झेंडूचा हार घाला, चाकाखाली लिंबूही ठेवा. फक्त हळद-कुंकू ओलं कालवून चाकावर थापू नका, ते डाग धरतं. लिंबाचा रस उघड्या पॉलिशच्या चाकावर उडाला तर लगेच धुवा.

मुळातच पूड कमी करायची तर

सिरॅमिक पॅड बसवले की पूड कमी येते आणि येते ती फिकट, चाकावर कमी दिसणारी. त्यावरून "मग सगळे का बसवत नाहीत" असं विचारतात. कारण मूळ पॅडची पहिल्या स्पर्शाची पकड बऱ्याच सिरॅमिक पॅडना नसते. शहरात आणि हायवेला चालवणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. घाटात किंवा ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याने कंपनीने दिलेलेच पॅड ठेवावेत आणि चाकं धुवावीत, असं माझं मत. पॅड बदललेच तर एका ॲक्सलवरचे दोन्ही बाजूंचे एकदम, आणि ते बसवून देणारा बेडिंग-इन, म्हणजे नवे पॅड ठरावीक ब्रेक मारून डिस्कवर बसवणं, कसं करायचं हे सांगत नसेल तर दुसरा मेकॅनिक शोधा.

कंपन्यांनीही यावर डोकं चालवलंय. पोर्शेने २०१७ च्या नव्या कायेन एसयूव्हीसोबत बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर देणारे ब्रेक आणले आणि ९० टक्क्यांपर्यंत कमी पूड येते, असा दावा केला. तो मिरवायला कॅलिपर चक्क पांढरे रंगवले. युरोपच्या युरो ७ नियमांत तर धुराबरोबर ब्रेकच्या कणांवरही पहिल्यांदाच मर्यादा आली आहे, पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि निव्वळ इलेक्ट्रिकला ३. म्हणजे पुढच्या पिढीच्या गाड्यांची चाकं आपोआप उजळ राहतील. आपल्या गाडीला त्याचा उपयोग शून्य.

चाकं काय सांगतात

धुण्याआधी एक मिनिट चारही चाकांकडे नुसतं पाहा. पुडीची वाटणी डाव्या-उजव्या बाजूला सारखी असायला हवी. पुढचं एकच चाक जोडीदारापेक्षा खूप काळं असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकत असण्याची शक्यता. छोट्या फेरीनंतर, फार ब्रेक न लावता, चाकाजवळ हात नेऊन पाहा. तेच चाक जास्त तापत असेल तर शंका पक्की. उलट एकच चाक संशयास्पद स्वच्छ असेल तर तो ब्रेक आपलं कामच करत नसेल, हे त्याहून गंभीर.

मागची चाकं पुढच्यांइतकी किंवा जास्त काळी होत असतील तर लगेच घाबरू नका. काही गाड्यांत वळणावर आतल्या मागच्या चाकाला संगणक परस्पर हलका ब्रेक लावतो. गाडी तशी नसेल तर मात्र हँडब्रेक पूर्ण सुटतोय का ते तपासून घ्या.

पूड कोरडी आणि मऊ असते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे जाड, चिकट शिंतोडे दिसले तर ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट फाटलेलं असू शकतं, त्या आठवड्यात गॅरेज गाठा. आणि रिमच्या आत किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर पातळ, तेलकट ओल दिसली, क्लिअर कोटला फोड आल्यासारखं वाटलं, तर ते ब्रेक फ्लुइड असू शकतं. बॉनेट उघडून फ्लुइडच्या टाकीची पातळी पाहा. ती खाली गेली असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.